मस्कत किती मुक्काम

न्हावऱ्याच्या अलीकडे डांबरी सोडून ओढ्याच्या कडेनं आत वळलं की करगळवस्ती लागते. वीस-बावीस उंबरे, सगळे धनगर, आणि सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी. वस्तीवर वीज आली, टीव्ही आला, तरी पल्ला विचारायला कोणी पाटीजवळ जात नसे. मुलीला लांबचं स्थळ आलं, खिलार बघायला जायचं झालं, कुणाच्या मातीला निघायचं झालं, की माणूस आधी म्हस्कूआबांच्या अंगणात येऊन टेकायचा आणि विचारायचा, अमकं गाव किती हो, आबा?

आबा लगेच बोलत नसत. डोळे मिटायचे, मनातल्या मनात ती वाट एकदा चालून यायचे आणि मग सांगायचे, "दीड मुक्काम. पर अर्ध्यात पानी न्हाई."

मुक्काम म्हणजे मेंढरांचा एका दिवसाचा पल्ला. पहाटे वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, उठवायचा, चरत चरत निघायचं, आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या ठिकाणी जाळ्याची वाघर लावून मेंढरं आत घ्यायची. सरकारी हिशेबात पंधरा-सोळा किलोमीटर भरत असतील. पण आबांच्या मुक्कामात पुष्कळ काही बसायचं: पाणी कुठं आहे, कोणाच्या रानात मेंढरं बसवू देतात, कुठल्या गावची कुत्री सुटलेली असतात. रस्त्याला किलोमीटरचे दगड बसले तेव्हा आबांनी ते वाकून बघितले आणि बाजूला झाले. दगड बसवणारा ट्रकमधून आला होता, त्याला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. पाय तर चालतातच, थांबावं कुठं लागतं त्यावर पल्ला ठरतो, हे त्यांनी दोन पिढ्यांना ऐकवलं होतं.

असा हा माणूस. आणि स्वतःच्या एकुलत्या एका पोराच्या वेळी त्यानं तिकिटावरचे दोन आकडे बघून पल्ला सांगितला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

पण ते सांगण्याआधी पनवेलची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू होतं.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी झाली की करगळांची मेंढरं कोकणात उतरायची. त्या साली म्हस्कूची बायको गिताबाई पोटुशी होती म्हणून तिला मागं, सासूजवळ ठेवलं. म्हस्कू आणि त्याचा थोरला भाऊ पावणेदोनशे मेंढरं घेऊन पनवेलच्या अंगाला होते. कांद्याच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप आला तो असा: पोरगी झाली होती, सहाव्या दिवशी गेली, आणि गिताबाई तापात आहे.

म्हस्कूनं त्याच क्षणी निघायला हवं होतं. पण भाऊ हिवतापानं पडलेला. भातखाचराच्या मालकाकडून, रात्री खाचरात मेंढरं बसवून खत द्यायच्या बदल्यात, तांदूळ आधीच घेतलेले आणि ठरलेल्या रात्री अजून शिल्लक. शेवटी तो मालक आणखी दोन रात्रींवर सोडायला तयार झाला. मग म्हस्कूनं भावाला घोड्यावर घातलं आणि सगळा वाडा घेऊन तो घाटाला लागला. पनवेल, चौक, खोपोली, खंडाळा, कामशेत, तळेगाव, चाकण, शेलपिंपळगाव, शिक्रापूर, पारोडी, आणि अकराव्या मुक्कामाला वस्ती. कर्जतला जाऊन गाडीत बसला असता तर दुसऱ्या दिवशी दौंडला उतरला असता. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

गिताबाई तोवर तापातून उठली होती. तिनं पाय धुवायला पाणी ठेवलं, भाकरी वाढली आणि ताटापुढं बसून एकच विचारलं.

"रेल्वे बंद हाय व्हय?"

म्हस्कूनं उत्तर दिलं नाही. तिनंही पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या सदतीस-अडतीस वर्षांच्या संसारात तो विषय दोघांत निघाला नाही. पण त्यानंतर म्हस्कू कुठंही जायला निघाला, अगदी शिरूरच्या बाजाराला, तरी ती दारात उभी राहून विचारायची की माघारी कधी येणार. आणि तो आकडा सांगायचा. सांगितला तो आकडा त्यानं जन्मभर पाळला. त्या एका न दिलेल्या उत्तराची भरपाई तो असा हप्त्याहप्त्यानं करत होता, असं मला वाटतं.

नऊ-दहा वर्षांनी नवसासायासानं शंभू झाला. पुढं विहिरीला पाणी लागलं तशी मेंढरं विकली आणि करगळांचं कोकण बंद झालं. शंभू दौंडला आयटीआय शिकला, फिटर झाला आणि कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. लग्न झालं, पूनम घरात आली. सगळं बरं चाललं होतं, पण कंत्राटातल्या पोराला कायम करतील याची आशा दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होती. शेवटी कुणा मित्राच्या ओळखीनं मुंबईच्या एजंटाकडून मस्कतचं काम आलं. दोन वर्षांचा करार. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता.

तिकीट घरी आलं त्या दिवशी शंभूनं ते आईच्या हातात दिलं. गिताबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि नवऱ्याकडे सरकवलं. तिचा प्रश्न नेहमीचाच होता, फक्त या वेळी तो पोरासाठी होता.

"हाक मारली तर किती वेळात यील?"

आबांनी सुनेला तिकिटावरच्या वेळा वाचायला सांगितल्या. पूनमनं वाचल्या: मुंबईहून सकाळी नऊला सुटणार, मस्कतला दहा वाजून दहा मिनिटांनी उतरणार. आबांनी बोटांवर मोजलं. एक तास दहा मिनिटं. न्हावऱ्याहून दौंडला एसटीला सव्वा तास लागतो. म्हणजे मस्कत दौंडापेक्षा पाच मिनिटं जवळच.

आबांनी डोळे मिटले नाहीत. वाट चालून आले नाहीत. पाणी विचारलं नाही. दोन घड्याळांतलं अंतर त्यांनी एका घड्याळाचं म्हणून सांगून टाकलं, आणि वर हसून म्हणाले की पोरगं दौंडला शिकत होतं तेव्हा लांब होतं, आता जवळ आलंय. गिताबाईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. या माणसाचा आकडा कधी चुकला नव्हता. तिनं पोराच्या कपाळाला अंगारा लावला आणि जा म्हणाली.

शंभूला खरं माहीत होतं का? एजंटानं त्याला सांगितलं असणार. पण आई जा म्हणालेली असताना कुठलं पोर तोंड उघडतं!

खरी गोष्ट आबांना कळली ती सहा-सात महिन्यांनी. न्हावऱ्याच्या स्टँडसमोर जालिंदरचं एसटीडीचं दुकान होतं, काचेची खोली आणि आत लाल फोन. आबा सकाळी सातलाच फोन लावायला गेले तेव्हा जालिंदरनं थांबवलं. तिकडं अजून साडेपाच वाजलेत म्हणाला, पोरं झोपली असतील. आबांना वाटलं त्याचं घड्याळ बंद पडलंय. मग जालिंदरनं नीट समजावलं. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. नऊला सुटलेलं विमान तिथल्या दहा वाजून दहाला उतरतं तेव्हा आपल्याकडे पावणेबारा होत आलेले असतात. त्यानं भिंतीवरच्या नकाशावर पट्टी धरून अंतरही काढलं. सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरच्या वर.

आबांनी मनात भागाकार केला. शंभर मुक्काम. आणि वाटेत सगळा समुद्र, पाणीच पाणी, पण मेंढराला पाजायला एक थेंब नाही.

"म्हंजी अडीच-पावणेतीन तास," आबा म्हणाले.

"व्हय. पुन्याला एसटीनं पोचायला लागतात त्येवढं," जालिंदर म्हणाला.

मग आबांना थोडा धीर आला. अडीच तास काही फार नव्हेत. घरी येऊन त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिताबाई शेजारणींना सांगत राहिली की आमचा शंभू दौंडापेक्षा जवळ आहे, आणि आबा तंबाखू मळत दुसरीकडे बघत राहिले.

करार दोन वर्षांचा होता, तो संपताना शंभूनं आणखी एक वर्ष वाढवून घेतलं. मधे सुट्टीवर महिनाभर येऊन गेला तेव्हा आईला त्यानं उबदार कांबळं आणलं. धनगराच्या घरात परक्या मुलखातलं कांबळं! आबांनी त्याची लोकर बोटांत चोळून बघितली आणि ही लोकरच नव्हे असा निकाल दिला. गिताबाई मात्र थंडीत तेच घ्यायची.

दोन हजार साल लागलं आणि ती अंथरुणाला खिळली. आधी पाय सुजले, मग तोंड. शिरूरच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि आबांना बाजूला नेऊन सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, घरी न्या, मागेल ते खायला द्या, आणि मुलगा बाहेर असेल तर बोलावून घ्या. जीपमधून घरी येताना गिताबाईनं स्वतःच विषय काढला. शंभूला हाक मारा म्हणाली. तिला काय ते समजलं होतं.

त्याच दिवशी आबांनी जालिंदरच्या दुकानातून फोन लावला. पलीकडं कुणी हिंदी बोलणारा होता, त्याच्याशी जालिंदर बोलला. मग बराच वेळ नुसता आवाज येत राहिला आणि शंभू लाइनीवर आला. आबांनी आईचं सांगितलं. नंतर शंभू बोलला ते तुटक तुटक. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. सोडायच्या कागदावर ज्याची सही लागते तो साहेब ईदेसाठी त्याच्या देशाला गेलाय. ऑफिसला सुट्टी लागली, ते आठवड्यानं उघडणार.

"आरं पर अडीच तासांची तर वाट हाय," आबा म्हणाले.

"वाट अडीच तासांचीच हाय, आबा. सुटता येत न्हाई."

आबांच्या हातात फोन तसाच राहिला. पनवेलचा तो खाचरवाला त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला, आणि घोड्यावर कुडकुडणारा भाऊ, आणि आवाज करत उभी असलेली पावणेदोनशे मेंढरं. तिकिटाच्या दिवशी हे आठवायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर आबांनी पहिला प्रश्न हाच केला असता, की तिथनं उठायला कोणाची परवानगी लागते. जालिंदरनं खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत, चालत वस्तीवर आले.

गिताबाई दाराकडं तोंड करून पडली होती. आबा आत येताच तिनं विचारलं की शंभू निघाला का. आबा निघाला म्हणाले. तास गेला, दोन तास गेले. ऊन कलायला लागलं तशी ती दर थोड्या वेळानं पूनमला ओट्यावर जाऊन बघून यायला सांगू लागली. एका तासाच्या अंतरावरचं पोर संध्याकाळ झाली तरी कसं आलं नाही, हा तिचा प्रश्न खराच होता. आबांना आपलाच आकडा अंगावर आला. विमान, पासपोर्ट, सही, ईद, यांतलं तिला काय आणि कसं सांगायचं? आणि दोन घड्याळांची चूक आता, या वेळी, कबूल करायची?

दिवस मावळताना तिनं विचारलं, "कुठवर आला?"

आबांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "पनवेलला उतरलाय. आज तितंच वस्ती."

गिताबाईनं मान हलवली आणि डोळे मिटले. पूनम चुलीपुढं होती, तिनं वळून सासऱ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिताबाईनं विचारलं तेव्हा आबांनी चौक सांगितलं. तिसऱ्या दिवशी खोपोली. आता त्यांना थांबता येईना. घाटाच्या दिवशी त्यांनी खंडाळा तर सांगितलंच, वर तिथला गारठा सांगितला, पहाटे धुक्यात पुढचं मेंढरू दिसत नाही ते सांगितलं. कामशेतला इंद्रायणीचं पाणी. तळेगावच्या माळावरचं कुसळ्यांचं गवत. गिताबाई पुढच्या सालांत या वाटेनं मेंढरांमागं चाललेली होती, तिला दगड न् दगड माहीत. मधेच ती विचारायची की चाकणच्या अलीकडची ती चिंच आहे का अजून. आबा आहे म्हणायचे. दिवसभर ती बोलायची नाही, पाण्याचा घोटही जेमतेम जायचा, पण दिवस मावळताना त्या मुक्कामासाठी जागी व्हायची. पूनम दिवा लावून जवळ येऊन बसू लागली. नवरा नक्की कुठं आहे हे पूनमला पक्कं ठाऊक होतं. सकाळी तीच जालिंदरकडं जाऊन फोन आला का विचारून यायची. तरी संध्याकाळी तीही ऐकत बसायची.

आबा या दिवसांत फार शरमिंदे होते, हे सांगायलाच हवं. ज्या माणसानं बायकोला कधी खोटा आकडा सांगितला नाही, तो आता रोज एक खोटा मुक्काम सांगत होता, आणि तेही पहिल्या चुकीच्या आकड्यावर पांघरूण घालायला. रात्र संपून उजाडलं की ते आज खरं सांगू असं ठरवायचे आणि संध्याकाळी पुढचं गाव सांगायचे.

नववा दिवस शिक्रापूरचा होता. सकाळी जालिंदरकडं निरोप येऊन पडला होता की ऑफिस उघडलं, सही झाली, पण ईदेच्या गर्दीनं विमानात जागा मिळत नाही. आबांनी तो पूनमकडून ऐकला आणि बाजेशेजारी खाली जाऊन बसले. गिताबाईचा श्वास आता मोठ्यानं चालला होता. आज तिनं दिवस मावळायची वाट बघितली नाही.

"आज कुठं हाय?"

"शिक्रापूरला. गावाच्या खालल्या रानात वाघर लावलीया."

गिताबाईच्या सुजलेल्या तोंडावर थोडं हसू आलं.

"तितं आता रान कुठं ऱ्हायलंय? समद्या फॅक्टरीतल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्यात. मागल्या साली एसटीतनं बघितलं की आपण."

मग तीच पुढं बोलली. दम लागत होता म्हणून थांबत थांबत.

"इमान चरत चरत येत न्हाई, येवढं मलाबी कळतं. पैल्या दिसालाच कळलं व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगत व्हता तशी मी चालत व्हते." ती थांबली. पूनमनं चमच्यानं पाणी घातलं, ते बाहेरच आलं. "त्या साली मी येकच धरून बसले, रेल्वे हाय आन् ह्ये का येत न्हाईत. तुमी रोज कुठं आसाल, किती ऱ्हायलं आसंल, कवा मनात आणलं न्हाई. ह्या नऊ दिसांत आणलं. लई लांब हाय वो."

आबांनी तिचा हात धरला. सदतीस-अडतीस वर्षं त्यांनी जे उत्तर दिलं नव्हतं ते तिनंच शोधून काढून त्यांच्या हातावर ठेवलं होतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. सून समोर होती तरी.

"पोराला बोल लावू नका," ती म्हणाली. "मेंढरं टाकून येता येत न्हाई मानसाला."

दहाव्या दिवशी सकाळी, ऊन ओट्यावर आलं तेव्हा गिताबाई गेली. पारोडीचा मुक्काम सांगायचा राहिला.

भाऊबंद जमले. पोरासाठी थांबायचं का, असा विषय निघाला. कोणी म्हणालं बर्फ आणू, कोणी म्हणालं विमानाचं काय, अडीच तासांत येतंय. हौसराव, आबांचा चुलतभाऊ, त्यानं आबांनाच विचारलं. अजून किती मुक्काम आहेत ते मलाच माहीत नाही, असं आबा म्हणाले, आणि तिला ताटकळत ठेवू नका म्हणाले. ओढ्याच्या काठाला त्यांनी स्वतःच्या हातानं अग्नी दिला. शंभूनं आणलेलं कांबळं पूनमनं तिच्या अंगावर घातलं होतं. आबांनी ते काढू दिलं नाही.

त्याच संध्याकाळी शंभूचा फोन आला. जालिंदरनं पोरगं पाठवून आबांना बोलावून घेतलं. तिकीट मिळालं होतं, उद्या रात्री सुटणार, परवा दुपारपर्यंत न्हावऱ्याला. एवढं सांगून त्यानं विचारलं की आई कशी आहे. जालिंदर काचेच्या बाहेर मान खाली घालून उभा होता. आबांनी एकदा भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. पोराची वाट अजून दोन दिवसांची होती, आणि त्या वाटेवर जवळचं असं त्याचं कोणी नव्हतं.

"तू ये," आबा म्हणाले. "जपून ये."

बाराव्या दिवशी आबा सकाळपासून स्टँडवर जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बसायला बोलावलं, चहा पुढं केला, त्यांनी घेतला नाही. दुपारी शिक्रापूरकडून गाडी आली. शंभू खिडकीशी होता. त्यानं बापाला लांबूनच बघितलं. धनगराच्या डोक्यावरचा फेटा झोपताना उतरतो किंवा घरातलं माणूस गेल्यावर. भर दुपारी स्टँडवर बाप उघड्या डोक्यानं उभा होता, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. कोणाला काही सांगावं लागलं नाही. शंभू उतरला तेव्हा त्याची बॅग कंडक्टरनं खाली दिली.

तो बापाच्या गळ्यात पडून एकच बोलत होता की अडीच तास, आबा, फक्त अडीच तास विमानात बसलो. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. आईनं बोल लावला नाही, हे त्यांनी त्याला सांगितलं. मलाही नाही लावला, हेही सांगितलं. मग दोघं चालत वस्तीकडं निघाले. रिक्षा होती, पण आबांनी हात दाखवला नाही.

शंभू परत गेला नाही. कारेगावला, रांजणगावच्या कारखान्यांत पुन्हा कंत्राटावर लागला आणि रोज सायकलनं स्टँडपर्यंत येऊन कंपनीची गाडी धरायला लागला. आबांना तो किती वाजता येणार हे आता विचारायला कोणी नव्हतं. तरी शंभू निघताना दारात थांबून आपणहून वेळ सांगायचा.

वर्षभरानं हौसराव अंगणात येऊन टेकला. त्याच्या धाकट्यालाही त्याच एजंटाकडून काम आलं होतं, मस्कतचंच, आणि घरात बायकोनं रडून गोंधळ घातला होता. त्याला तिला सांगायला काहीतरी हवं होतं. तिकीट त्यानं बरोबर आणलं होतं. ते आबांपुढं ठेवून त्यानं विचारलं की मस्कत किती हो.

आबांनी तिकीट उचललं नाही. डोळे मिटले. या वेळी ते बराच वेळ मिटलेले होते. हौसरावला वाटलं म्हाताऱ्याचा डोळा लागला. मग आबा बोलले, नेहमीसारखे, न हलता.

"बारा मुक्काम. पर दहाव्याच्या म्होरं आई न्हाई."

हौसरावनं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. पूनमनं चहा आणला तो दोघांनी घेतला, आणि मग हौसराव घरी गेला.